पिवळी ओळ

मित्रांनो, मी एक जुना कंपायलर आहे. नाव ऐकून दचकू नका. मुलं संगणकासाठी प्रोग्राम लिहायची आणि मी तो वाचून यंत्राला कळेल असा करून द्यायचो. चूक दिसली की लाल ओळ दाखवून अडून बसायचो. नुसती शंका आली, तर पिवळी ओळ दाखवून पुढे जाऊ द्यायचो.

१९९७ साली मी दोन फ्लॉप्यांत बसून शिरूरला आलो. स्टँडाजवळच्या औषधांच्या दुकानावर इंद्रजीत सरांचा क्लास होता. तिथे माझ्याबद्दल कोण काय बोलायचं, ते मी रोज ऐकायचो.

"लई टोकतंय राव हे!"

"सासू बरी याच्यापरीस," कारेगावची मोनाली म्हणायची.

"पिवळ्याकडं बघायचंच न्हाई. चालतंय ना? मग झालं!"

निमोण्याची भाग्यश्री मात्र लाल ओळ आली की ओठ दाबून हसायची. "बरं बाबा, सांग, काय चुकलं?" एवढ्या मायेनं मला दुसरं कोणी विचारलं नाही. पण पिवळ्या ओळीकडे काणाडोळा करायला तीही इतरांसारखीच शिकली.

भाग्यश्रीच्या गावच्या दूध डेअरीत संगणक आला. दुधाचा फॅट, म्हणजे स्निग्धांश, नोंदवून चिठ्ठी छापायचा प्रोग्राम तिनं लिहिला. मी पिवळी ओळ दाखवली. तिनं पाहिली न पाहिली, प्रोग्राम डेअरीत नेऊन बसवला. पुढंमागं बदल लागला तर असावा, म्हणून मलाही तिथंच ठेवलं.

पहिल्या सकाळी सगळे तिचं कौतुक करत होते. तेवढ्यात सोजराबाईंच्या म्हशीचं दूध मोजलं. डेअरीवरच्या नवनाथनं फॅट मशीनवरचा आकडा घाईघाईत संगणकात टाकला आणि ध्यानात न ठेवता निघालेली चिठ्ठीच वाचली.

"मावशी, फॅट सात."

"सात? काल आठाला जरासंच कमी व्हतं की!"

डेअरीचे चेअरमन आनंदराव आप्पा मिशीत हसले. "वाटंत ओढा लागला का काय, सोजराबाई?"

सगळी रांग हसली. सोजराबाईंचं तोंड एवढंसं झालं. "आप्पा, म्या कवा पाणी घातलं न्हाई दुधात."

"मग मशीन खोटं बोलतंय व्हय? उद्यापासनं दूध घरीच ठेवा."

भाग्यश्री गोरीमोरी झाली. "ते जुनं टूल हाय ना, त्यानंच घोळ केला असंल," ती पुटपुटली.

"मग टाक की काढून!" नवनाथ म्हणाला.

मला पुसायला तिचं बोट कीबोर्डच्या कळीवर गेलं. मित्रांनो, मला तोंड नाही. कोणी चालवलं, तरच मी बोलतो. बोट तिथंच थबकलं. "एकदा बघते तरी," म्हणत तिनं मला चालवलं. कालचीच पिवळी ओळ आली. या वेळी तिनं ती शब्द न् शब्द वाचली. फॅटसाठी दिलेल्या जागेत पूर्णांकच मावत होता. दशांशाच्या पुढचं सगळं गळत होतं. गाईवाल्यांच्या साडेतीनाचेही तीनच झाले होते, पण पहिल्याच दिवशी मशीनपुढे कोण बोलणार?

गुपचूप दुरुस्त केलं असतं, तर कोणाला कळलंही नसतं. पण सोजराबाई रिकामी किटली घेऊन निघाल्या होत्या. भाग्यश्री धावत बाहेर आली.

"मावशी, थांबा! तुमचं दूध चोख हाय. माझं चुकलं!"

सगळ्या रांगेनं ऐकलं. तिनं एक शब्द बदलला आणि नवनाथनं तोच आकडा पुन्हा टाकला. चिठ्ठीवर उमटलं ७.९.

आप्पा खाकरले. "उद्या दूध आणा, सोजराबाई."

"आणीन. पर आधी तुमचा त्यो ओढा माघारी घ्या!"

रांग पुन्हा हसली. या वेळी आप्पांना.

पुढे चकचकीत, नवी टूलं आली आणि क्लासमधून मी पुसला गेलो. भाग्यश्रीनं मला ठेवून घेतलं; आज ती दौंडला स्वतःचा क्लास चालवते आणि मी तिथल्या टेबलाच्या खणात पडून आहे. माझ्या फ्लॉप्यांना बुरशी धरली आहे. परवा एक मुलगी कुरकुरली, "मॅडम, हे सॉफ्टवेअर बेकार हाय. सारखं पिवळं दाखवतंय."

भाग्यश्रीनं तिच्याजवळ खुर्ची ओढली. "आधी वाच बरं, काय म्हणतंय ते. मग नावं ठेव."

मित्रांनो, मला जपा असं आता म्हणवत नाही. पण तुमच्याजवळ कोणी हळूच शंका काढली, तर क्षणभर थांबा. दाराबाहेर एखादी सोजराबाई रिकामी किटली घेऊन चाललेली असते.