निवायला ठेवलेला कॅन

भिमाजीने कॅनचं बूच उपसलं, पण आतून धूर आला नाही. बॅटरी मारून पाहिली तर तळ कोरडा ठणठणीत.

"अक्का, याला कोणी हात लावला व्हता का?"

थोरली बहीण यशोदाबाई भांडी घासत होती. "दहाव्याला घर धुतलं ना, तवा वट्यावर काढला. बूच हललं तर भसाभसा धूर निघाला. म्हटलं लय तापलाय, निवू दे. उघडाच ठेवला. काल लावलं बूच. का रे, कामाचा हाय?"

"नाय," तो म्हणाला. एरवी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. आज साधा रागसुद्धा आला नाही. बायको कुसा गेल्यापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

भिमाजी विल्होळीच्या आसपासच्या वस्त्यांवर गाई भरवायला जायचा. वळूच्या रेताच्या कांड्या या कॅनमधल्या नायट्रोजनमध्ये बुडालेल्या असायच्या. तो तापलेला कसला, बर्फाहून कितीतरी थंड! ट्रेनिंगमध्ये साहेबांनी सांगितलं होतं, पाण्याच्या कणांना एकमेकांची ओढ फार, म्हणून ते उकळायला चूल पेटवावी लागते. नायट्रोजनच्या कणांची ओढ नावालाच. मरणाच्या थंडीत तेवढे एकत्र राहतात, जरा ऊब लागली की वाफ होऊन पांगले. हे ऐकून कुसा म्हणाली होती, "म्हंजे तुमच्या भावकीवानीच की!"

कांड्या दिसायला होत्या तशाच होत्या, पण आतलं सगळं मेलेलं. त्यातच डांगी जातीच्या वळूची शेवटची कांडी होती, एका वस्तीवरच्या म्हाताऱ्या भागीबाईने आपल्या गाईसाठी मुद्दाम राखून ठेवायला सांगितलेली. आणि तिची गाय माजावर आल्याचा फोन सकाळीच येऊन गेला होता. भिमाजीने ती कांडी घेतली आणि गाडीला किक मारली.

भागीबाई गाय बांधून, पाण्याची बादली भरून वाटच पाहत होती. "म्हातारी झाली रे ही. एवढ्या खेपेला कालवड झाली की गंगेत घोडं न्हालं. वंश तरी राहील."

भिमाजीने हातमोजा चढवला. मेलेली कांडी भरली असती तरी कोणाला कळणार होतं? गाय उलटली असती, गाभ न राहता पुन्हा माजावर आली असती, आणि भागीबाईने नशिबाला बोल लावला असता. गाई उलटतातच. सवयीने हात पुढे गेला आणि थांबला.

"मावशी, कांडी मेली. माझ्या घरी बूच उघडं राह्यलं."

"मंग दुसरी?"

"डांगीची नाय आता. त्यो वळूच गेला."

बहिणीचं नाव त्याने काढलं नाही. भागीबाई बराच वेळ गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने दावं सोडलं.

"च्या पिऊन जा. घरी कोन करतं तुला?"

"अक्का हाय परवापत्तुर."

"आन मंग?"

"मंग कोणी नाय," तो म्हणाला. आणि खांद्यापर्यंतचा तो मोजा न काढताच गव्हाणीला टेकून खाली बसला.