नेटची एक दांडी

ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. गाडीत शेजारच्या सीटवर तिचा वरिष्ठ श्रीनिवास मांडीवर फोन ठेवून घुम्यासारखा बसला होता. वेल्समधलं कार्डिफ शहर मागे पडलं, डोंगर जवळ आले.

घरोघरी जाऊन पेशंट बघणाऱ्या नर्सेससाठी त्यांची टीम अ‍ॅप बनवत होती. नेट नसलं तरी नोंद लिहिता यावी, एवढंच त्याचं काम. ऋजुताने ते अशा बेताने रचलं होतं, की लिहिलेलं प्रत्येक अक्षर आधी फोनमध्ये जपलं जाईल आणि सर्व्हरकडे मग सवडीने जाईल. ती रजेवर पुण्याला गेली काय, श्रीनिवासने सगळं उलटं करून ठेवलं. नोंद आधी सर्व्हरकडे, नेट नसेल तरच फोनमध्ये. म्हणे काम लवकर उरकतं! ऑफिसात कॉफी पीत त्याने एअरप्लेन मोड लावला, नोंद फोनमध्ये राहिली, झालं टेस्टिंग. सोमवारी अ‍ॅप नर्सेसच्या हातात जाणार होतं.

डोंगरातल्या गावांत नेट पूर्ण जात नाही, सिग्नलची एक दांडी लोंबकळत राहते, हे तिने त्याला परोपरीने सांगितलं. फोनला वाटतं नेट आहे, आणि नोंद अधांतरी लटकते. सकाळी दिलेल्या इन्सुलिनची नोंद अशी हरवली, तर नंतर येणारी नर्स राहिलंय समजून पुन्हा देईल, आणि एखादी म्हातारी हकनाक जिवाला मुकेल. त्यावर तो हसला. तू फार टोकाचा विचार करतेस, म्हणाला. त्या हसण्यानेच तिचं डोकं फिरलं आणि तिने त्याला गाडीत बसवलं.

चढावरच्या एका गावात, एकसारख्या घरांच्या रांगेसमोर तिने गाडी थांबवली. फोनवर एकच दांडी होती.

"आता अ‍ॅपमध्ये लिहा," ती म्हणाली. "काही बरंवाईट झालं तर जबाबदारी तुमची, असं लेखी द्या मला."

"देतो की. कुणाला भितो काय मी?"

त्याने तावातावाने टाईप केलं. नाव, हुद्दा, वर ऋजुताच्या हेकटपणाबद्दलही चार ओळी. सेव्ह दाबलं. पडद्यावर चाक फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. वैतागून त्याने अ‍ॅप बंद केलं आणि कुणीही उघडेल तसं पुन्हा उघडलं.

पान कोरं होतं.

त्याने इकडे दाबून पाहिलं, तिकडे दाबून पाहिलं. चेहरा पार उतरला.

"गेली तुमची जबाबदारी," ऋजुता म्हणाली. "आता ते इन्सुलिन होतं असं समजा."

सोमवारचं रद्द करा म्हणून सांगायला त्याने मुकाट्याने ऑफिसला फोन लावला. तो काही लागेना. ऋजुताने गाडी सुरू केली. तिचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. एवढी साधी गोष्ट पटायला त्याची स्वतःची नोंद हरवावी लागली, याचाच तर तो राग होता.