झाकलेलं आभाळ

"मॅडम, स्फटिकांचे आकारसुद्धा बदलून पाहिले. षट्कोनी कांड्या, चकत्या, झुपके, सगळं झालं." पौर्णिमा गच्चीवर येरझारा घालत फोनवर सांगत होती. "माझ्या गणितातला ढग जेवढी उष्णता खाली धाडतो, त्याहून आपलं यंत्र जास्तच दाखवतंय."

"मग सोमवारी समितीपुढं काय ठेवू मी? तुझं नशीब?" तिच्या मार्गदर्शक तेजश्री मॅडमनी पुण्याहून फटकारलं आणि फोन ठेवला.

पौर्णिमानं वर पाहिलं. तीन-चार कोस उंचावरचे ते पांढरे, पिंजल्यासारखे ढग. त्यांत पाणी नसतं, बर्फाचे बारीक कण असतात. रात्री जमिनीतून वर निघालेली उष्णता ते किती गिळतात, किती इकडंतिकडं उधळतात, याचं गणित संगणकावर मांडायचं, एवढंच तिचं पीएच.डी.चं काम. एवढंच म्हणायचं हो! उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली होती.

नांदूरघाटात शहराची धग नाही, म्हणून आभाळ न्याहाळणारं यंत्र तिनं आपल्याच घराच्या गच्चीवर बसवलं होतं. उन्हाचा घोळ नको म्हणून आकडे फक्त रात्रीचे घ्यायचे. ते सिमकार्डावरून आपोआप पुण्याला जात. देखभालीला माय, केशरबाई. "काच तेवढी जप, माय," इतकंच सांगून पौर्णिमा गेली होती. पुढं जेव्हा जेव्हा आली, ती भर दुपारी, आणि दिवस मावळायच्या आत एसटीनं परत.

आज तिनं यंत्र खोलून पाहिलं होतं. वायरी ठीक, काच लख्ख. एखादा दोष सापडला असता तर ती नाचली असती! यंत्र चांगलं, म्हणजे दोष आपल्याच डोक्यात. 'आमची पोरगी डाक्टर व्हायली' म्हणून शेजारच्या बंकटकाकांनी बुद्धविहारात पेढे वाटले होते. आता त्यांना काय तोंड दाखवायचं? धरणीनं पोटात घ्यावं, असं तिला झालं.

दिवस बुडता बुडता केशरबाई जिना चढून आली. हातात पांढरं फडकं. तिनं ते झटकलं, यंत्रावर अलगद पांघरलं आणि कोपऱ्यांना गाठी मारल्या.

"माय! हे काय करायलीस?"

"कावून? रोजच झाकते की. दव पडतंय, काच नासती. तूच म्हणलीस ना जप म्हून? सकाळी उठल्याबरुबर काढते, पुसते. एक दिस चुकवला न्हाई बघ. तापानं फणफणलते, तरी वर आलते."

पौर्णिमानं फडक्याखाली हात घातला. बोटं दिसत होती. आबांचं, तिच्या वडलांचं, मलमलीचं धोतर! आबा गेल्यावर मायनं पेटीत जपलेलं, धुऊन धुऊन पार विरलेलं. थोडं आभाळ आरपार सोडणारं, बाकीचं अडवून शिवाय स्वतःची ऊब खाली धाडणारं. अगं बाई गं! ज्या ढगासाठी ती दोन हिवाळे स्फटिक घडवत अन् मोडत बसली होती, तो मायनं रोज संध्याकाळी गाठी मारून बांधला होता.

तिला हसू फुटलं. हसता हसताच डोळे वाहायला लागले.

"काय झालं गं? माझं चुकलं का काई?" केशरबाईचं तोंड एवढंसं झालं.

"न्हाई माय. लई नीट जपलंस."

केशरबाई खाली गेली. भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा पौर्णिमानं पुन्हा फोन लावला. यंत्र बिघडलं होतं, असं म्हणून सुटता आलं असतं. आलंही होतं तसं मनात.

"मॅडम, यंत्र रात्री झाकलेलं असायचं. सगळे आकडे बाद."

"झाकलं कुणी?"

"माझ्याच सांगण्यात चूक झाली."

मग मॅडम हळूच म्हणाल्या, "आणखी एक हिवाळा मिळणार नाही, पौर्णिमा. मुदत संपली. यंत्र घेऊन ये."

सकाळी ती यंत्र खोक्यात घालत होती, तर केशरबाई धोतराची घडी घेऊन समोर उभी.

"हे ने संगं. तिकडं कोण झाकील त्याला?"

पौर्णिमानं घडी उलगडली, धोतर यंत्रावर अलगद पांघरलं आणि चारी कोपऱ्यांना गाठी मारल्या, माय मारायची तशाच.