ठराव क्रमांक सात

मंगळवारी सकाळी सव्वानऊला दांडखारच्या सरपंच भीमाबाई मोकल खांदा कॉलनीतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या दारात उभ्या होत्या. पिशवीत चष्मा, आधार कार्ड आणि एका पानाची झेरॉक्स. मागे जिन्यात त्यांचा धाकटा दीर दयाराम धापा टाकत होता.

दार हेप्झिबा वाकरूळकरांनी उघडलं. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. नोकरीत असताना त्या दर महिन्याला दांडखारला जाऊन बायकांच्या बचत गटाची बैठक घेत. भीमाबाई सही करायला शिकल्या त्या याच बैठकांत.

"मॅडम, अकराला पंचायत समितीत चौकशी हाय. त्याच्याआदी येकदा वाचून दाखवा."

"महिनाभर सगळं गाव हेच वाचतंय ना?"

"म्हनूनच तुमच्याकडं आले. तिथं जो तो आपापल्या पक्षाचं वाचतो."

हेप्झिबांनी चष्मा लावला. पान ग्रामपंचायतीच्या सभांच्या नोंदवहीतलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली मासिक सभा. वर सहावा ठराव होता, गटार दुरुस्तीचा. त्याखाली सातवा: 'गावाच्या हद्दीतील मे. नीलतट टर्मिनल यांच्या इंधन साठवण टाक्या या इमारत नसून यंत्रसामग्री असल्याने त्यांना करातून वगळण्यात यावे. सर्वानुमते मंजूर.' तळाला 'सरपंच' या छापील शब्दावर भीमाबाईंची सही. अक्षरांवरून एक तिरकी रेघ गेली होती, स्वस्तातल्या झेरॉक्सवर जाते तशी.

या टाक्यांवरची वर्षाची पट्टी अडतीस लाख होती. ठरावानंतर ती भरली गेली नव्हती, आणि गावात कोणी विचारलंही नव्हतं. मग गेल्या महिन्यात राजकीय पक्षांना मिळालेल्या देणग्यांची यादी प्रसिद्ध झाली. नीलतटने ठरावानंतर सात आठवड्यांनी राज्यातल्या सत्ताधारी पक्षाला दोन कोटी दिले होते. दयाराम त्या पक्षाचा गावातला कार्यकर्ता. ग्रामपंचायतीची निवडणूक चिन्हावर होत नाही, पण कोणतं पॅनेल कोणाचं हे दांडखारमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं.

समोरच्या पॅनेलचा सदस्य सत्यजीत याने त्याआधीच, जूनमध्ये, माहितीच्या अधिकारात या पानाची नक्कल काढून ठेवली होती. यादी आल्यावर त्याने तक्रार केली आणि नाक्यावर त्या पानाचा दहा फुटी फ्लेक्स लावला. वर मथळा: 'गावाचे अडतीस लाख कोणाच्या खिशात?' दयारामने त्याच यादीची जुनी पानं शोधली. टाक्या आल्या त्या वर्षी राज्य सत्यजीतच्या पक्षाचं होतं आणि नीलतटने त्यांनाही दीड कोटी दिले होते. त्याचाही फ्लेक्स लागला. शेवटी एका हळदीत दोघांनी डीजे बंद करायला लावून एकेक भाषण केलं, तेव्हा नवऱ्याच्या मामाने दोघांना हाताला धरून मांडवाबाहेर काढलं.

या सगळ्यात सही मात्र एकटीची होती. ठपका बसला तर भीमाबाईंचं पद जाणार होतं. त्याहून जड दुसरं होतं. त्या कळशी घेऊन नळावर गेल्या की तिथल्या बायका बोलायच्या थांबत.

"सही तुमचीच आहे?" हेप्झिबांनी विचारलं.

"माजीच."

"वहिनी!" दयाराम पुढे सरकला. "मी सकालपास्नं काय सांगतोय? सही माजी नाय म्हनायचं. खोटी हाय म्हनायचं. मंग ते तपासत बसतील दोन वर्सं. तवर मुदत संपली."

"आन ठराव आठवतो का?" भीमाबाईंनी स्वतःलाच विचारल्यासारखं म्हटलं. "नाय आठवत, मॅडम. रात रात आठवून बघितलं. गटाराचं आठवतं, त्याच्याफुडं चा आला, उठलो. पन न वाचता केली असंल तर? माज्याच हातानं गाव इकलं असंल तर?"

हेप्झिबांनी कागद पुन्हा वाचला. बँकेत त्यांनी पस्तीस वर्षं कागद वाचले होते, पण या पानात त्यांना बचावाचं काही दिसलं नाही.

"सही तुमची आहे तर तुमचीच म्हणा," त्या म्हणाल्या. "पुढचं मलाही सुचत नाही. पण मी येते बरोबर."

"येक काम केलंय मी," दयाराम आवाज खाली आणत म्हणाला. "गाडीत बर्फात चार किलोचा जिताडा मासा हाय. अधिकाऱ्याच्या घरी पोचवतो."

इकडच्या भागात कचेरीतलं काम अडलं की साहेबांच्या घरी जिताडा जातो, ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

"जिताडा गाडीतनं भाइर काढलास," भीमाबाई म्हणाल्या, "तर मी इथनंच चालत घरी जाईन."

पंचायत समितीत ही चौकशी विस्तार अधिकारी वल्लरी गोडांबे यांच्याकडे होती. टेबलावर ग्रामपंचायतीची मूळ नोंदवही होती, कापडात बांधलेली. सत्यजीत आधीच येऊन बसला होता. पांढरा शर्ट, मांडीवर जाड फाइल.

"मॅडम, फॅक्ट एकदम क्लिअर आहे," तो म्हणाला. "दोन कोटींचं डोनेशन घेतलं आणि बदल्यात टॅक्स माफ केला. अकाउंटेबिलिटी नावाची काही गोष्ट आहे की नाही?"

"आन तुमच्या दीड कोटींचं काय? त्येची माफी मागितली का?" दयाराम उभा राहिला.

"तेव्हा ठराव नव्हता!"

"तवा टाक्या नव्हत्या! आनल्या कुनी?"

"बसा," वल्लरी म्हणाल्या. "दोघंही. देणग्या कोणी घेतल्या, का घेतल्या, हे विचारायला दुसरी कचेरी आहे. माझ्यासमोर एक पान आहे. मला पानाबद्दल बोलायचंय." त्यांनी कापड सोडलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि वही भीमाबाईंकडे फिरवली. "ही सही तुमची?"

दयाराम खोकला. मग पुन्हा, मोठ्याने खोकला.

"माजी हाय," भीमाबाई म्हणाल्या.

सत्यजीतने फाइल मिटली. त्याचं काम झालं होतं. वल्लरींनी उत्तर लिहून घेतलं आणि पेन त्या पानावर टेकवलं.

"मग ही रेघ कोणी मारली?"

झेरॉक्सवर करडी दिसणारी ती रेघ मूळ पानावर निळ्या बॉलपेनची होती. सहाव्या ठरावाच्या शेवटच्या शब्दापासून निघून ती तिरकी खाली, सहीपर्यंत आली होती. सातवा ठराव काळ्या शाईत होता आणि त्याची प्रत्येक ओळ ती रेघ ओलांडून गेली होती.

"सरकारी नोंदीवर रेघ मारणं हा वेगळा गुन्हा होऊ शकतो, म्हणून विचारते," वल्लरी म्हणाल्या. "समजून उत्तर द्या."

भीमाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही पन माजी."

दयारामने कपाळावर हात मारून घेतला.

"का मारली?"

"सहीच्या वर रिकामी जागा सोडायची नाय. आदी रेघ मारायची, मंग सही." त्यांनी मान वळवून भिंतीलगतच्या बाकावर बसलेल्या हेप्झिबांकडे पाहिलं. "ह्या मॅडमनी शिकवलंय. गटाच्या कागदावं पन मारते. वीजबिलाच्या अर्जावं पन. हात आपोआप जातो. ग्रामसेवक हसायचा, म्हनायचा, सरपंचबाई, पान फाटंल."

हेप्झिबा उठून टेबलापाशी आल्या होत्या आणि पानाकडे पाहत होत्या. सकाळी हाच कागद त्यांनी दोनदा वाचला होता.

वल्लरींनी वही आपल्याकडे ओढली. पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि घाई न करता चाळत गेल्या. जवळच्या कागदावर त्या काड्या मारत होत्या. त्याला दहा मिनिटं लागली.

"तुमच्या काळात एकूण चौतीस सभा," शेवटी त्या म्हणाल्या. "पाच ठिकाणी पान तळापर्यंत भरलंय, तिथे रेघ नाही. एकोणतीस ठिकाणी जागा उरलीय, आणि एकोणतीस रेघा आहेत. अठ्ठावीस रेघांवर एक अक्षर नाही. फक्त या एकीवर ठराव आहे."

"मॅडम, रेघ काय, नंतरही मारता येते," सत्यजीत म्हणाला. "तक्रार झाल्यावर मारली असेल."

"ती तुमच्या फ्लेक्सवर आहे," वल्लरी म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात मी त्या रस्त्याने गेले. चार फुटी तरी असेल. आणि फ्लेक्स ज्या नकलेवरून केलात ती जूनमधली, तुमच्याच अर्जावर दिलेली."

सत्यजीतने फाइल उघडून आपली नक्कल काढली आणि ती प्रथमच पाहत असल्यासारखी पाहिली.

"रेघ आधीची असेल तर ठराव सहीनंतर घुसवलाय," वल्लरी पुढे म्हणाल्या. "नंतरची असेल तर सरपंचांनी तो खोडलाय. कसंही धरा, ही संमती होत नाही. आणि हे 'सर्वानुमते' मला पहिल्यापासूनच खटकत होतं. तुमच्या गावात एका दिव्याचा खांब कुठे लावायचा यावर तीन सभा झाल्यात. ग्रामसेवकांची बदली झालीय, पण त्यांना मी बोलावणार आहे. काळी शाई कोणाची आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे त्यांनी सांगावं. सरपंचांवर ठपका नाही, असं माझ्या अहवालात जाईल."

भीमाबाईंनी पाणी मागितलं. एक ग्लास संपला, दुसरा मागितला. तोही संपवला.

"म्हंजे मी नाय इकलं," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मंग पट्टी?"

"पट्टी कायम आहे. माझा अहवाल वर मंजूर झाला की दोन वर्षांची थकबाकी, शहात्तर लाख, मागणीची नोटीस ग्रामपंचायतीने काढायची. सही तुमचीच लागेल."

"तेवढ्यात शालेचं छप्पर व्हईल," भीमाबाई म्हणाल्या. "आन पायपाचं काम व्हईल."

"आमच्या कंप्लेंटमुळे," सत्यजीत म्हणाला.

"आमच्या सरपंचामुलं," दयाराम म्हणाला.

"जबाबावर सह्या करा आणि भांडण बाहेर घेऊन जा," वल्लरी म्हणाल्या.

सत्यजीतचा जबाब अर्ध्या पानात संपला होता. त्याने पेन टेकवलं, मग थांबून वरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. चोरून एकदा भीमाबाईंकडे पाहिलं. आणि एक तिरकी रेघ मारून सही केली.

"काकी," दारातून बाहेर पडताना तो खालच्या आवाजात, गावातल्या बोलीत म्हणाला, "फ्लेक्स आज उतरवतो."

"उतरव. कापड फेकू नको. शालेचं छप्पर व्हईपर्यंत वर टाकाया कामाला येल."

आवारात ऊन चढलं होतं. दयारामने गाडीची डिकी उघडली. थर्मोकोलच्या खोक्यातला बर्फ निम्मा वितळला होता आणि जिताडा पाण्यात तरंगत होता.

"आता ह्याचं काय करू?"

"मॅडमकडं दे," भीमाबाई म्हणाल्या. "खवल्याचा हाय, त्यांच्या ज्यू धर्मात चालतो."

"मी साक्षीदार झाले ना आता?" हेप्झिबा म्हणाल्या. "ही लाच नाही का?"

"लाच कामाच्या आदी देतात, मॅडम. काम झाल्यावं देतात ती मासली."

"चार किलो मला एकटीला? निरीत इकडे असती तर गोष्ट वेगळी." लेक इस्राएलमध्ये, अश्दोदला होती. "साफ कोण करणार एवढा?"

"मी करते की. घरी सुरी हाय ना धारेची? सकालपास्नं पोटात कायपन नाय. तुमी नारलाचं दूध काढा, मी कापते, दयाराम भात लावील."

"मी?" दयाराम म्हणाला.

"सही खोटी म्हन, म्हनून सांगत व्हतास ना? म्हटलं असतं तर रेघ कुनाची सांगितली असती? भात तरी लाव."

हेप्झिबा हसत गाडीत बसल्या. भीमाबाई बसणार तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. गावातून कोमलचा होता, नळावर पहिल्यांदा गप्प झालेल्यांपैकी एक. मागे कळश्यांचे आणि बायकांचे आवाज येत होते, आणि ते एकदम थांबले. सगळ्या ऐकत होत्या.

"काय झालं, काकी?"

"झालं ते बरं झालं," भीमाबाई म्हणाल्या. "सांच्याला कलशी घेऊन येते. तवा सांगते सगलं."