केक विकेपर्यंत

रविवारी दुपारी आमच्या डोंगरावरच्या कॉफी सोसायटीच्या हॉलमध्ये मुथेऊचा लग्नाआधीचा कार्यक्रम होता आणि दारात पैसे घ्यायला मी बसलो होतो. मी मुइंदी गुरुजी. चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, म्हणून गावातली प्रत्येक कमिटी मला दारात बसवते. आत जायचे दोनशे शिलिंग. म्हातारा असो, विधवा असो, दोनशे म्हणजे दोनशे. आपल्या घरच्या लग्नासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे खिसे झाडायचे, याची आमच्यात कुणाला लाज वाटत नाही. खोटं कशाला बोलू, मलाही वाटत नव्हती.

आतली रीत ठरलेली. नवरीला मधल्या खुर्चीत बसवायचं आणि तिच्या पायांभोवती रंगीत कापड बांधायचं. मैत्रिणींनी पैसे टाकून तिला सोडवायचं. कुणाला गायला लावायचं तर पैसे, गप्प बसवायचं तर दुप्पट. माइकवर बोलायचे शंभर. शेवटी केकचा लिलाव. केक विकेपर्यंत नवरीनं उठायचं नाही, उठली तर लोकांनी कबूल केलेले आकडे मोडतात म्हणे! तिचा फोनसुद्धा काढून घेतात. मुथेऊचा फोन तिच्या मामीच्या पिशवीत होता.

मुथेऊला हे काहीच नको होतं. ती वरच्या दवाखान्यात सिस्टर. डॉक्टर महिन्यातून एकदा उगवतो, त्यामुळे ती आणि दवाखाना यांत आम्ही फरक करत नाही. "साधं लग्न करू मामा," असं तिनं कमिटीचा अध्यक्ष असलेल्या मुतिंदामामाला दहादा सांगितलं होतं.

"आजवर एकोणीस लग्नांना दिलंय मी," मामा म्हणाला होता. "आता कुठं माझी पाळी आलीय. तू नुसती बसून हास. बाकीचं मी बघतो."

म्हणून ती बसून हसत होती.

तीनच्या सुमाराला मुसेंबी आला. खाणीत दगड फोडणारा, शर्ट घामानं चिकटलेला, धापा टाकत होता.

"गुरुजी, सिस्टरला भेटायचंय."

"सगळे तिलाच भेटायला आलेत बाबा," मी म्हणालो. "दोनशे."

त्यानं खिशात हात घातला, थोडा घुटमळला आणि दोनशे काढून दिले. मी त्याला सोड्याची बाटली दिली. दोनशेत ती येते. बस्स, एवढंच आमचं बोलणं झालं.

आत तो सरळ नवरीकडे निघाला, तर पोरींनी अडवला. "ओ काका, रांगेत! सिस्टरशी बोलायचं तर माइकवरून, शंभर काढा." हा भला माणूस मागच्या बाकावर जाऊन बसला. एवढी चांगल्या कपड्यातली माणसं, पाद्रीबाबा, सोसायटीचे चेअरमन. त्यांच्यापुढे ओरडायचं कसं? शिवाय रीत म्हणजे रीत. केक विकला की नवरी उठेल, तेवढं थांबू, असा त्यानं हिशेब केला. न उघडलेली बाटली धरून तो बसून राहिला आणि मी दारातून त्याला बघत राहिलो.

लिलाव पुकारणारा काटुमो माइकवर रंगात आला होता. "चेअरमनसाहेब, तुकडा घ्या, नाहीतर घरी बाईसाहेब तुमचे तुकडे करतील!" हॉल हसून लोटपोट. मग त्याची नजर मागं गेली. "आणि ते बघा, सोडा धरून घाम गाळणारे पाहुणे! केक घेणार का?"

मुसेंबी उभा राहिला. "केक नको. सिस्टरशी बोलायचंय."

"मग शंभर!"

"होते ते दारात दिले. मोटरसायकलच्या भाड्याचे होते."

लोक पुन्हा हसले. मुथेऊ हसली नाही. त्याची बायको मोंगेली दिवसांत आहे, हे तिला ठाऊक होतं. खुर्चीतूनच तिनं विचारलं, "मुसेंबी? मोंगेली कुठंय?"

"दवाखान्याच्या ओट्यावर, सिस्टर. दार बंद आहे. शेजारीण बसलीय जवळ. बाळाचा पाय दिसतोय."

"तू कधीचा आलायस?"

"तीन वाजता."

भिंतीवरच्या घड्याळात तीन चाळीस झाले होते.

मुथेऊ पायातल्या कापडाची गाठ सोडायला वाकली तसा मामा धावला. "बस खाली! केक राहिलाय अजून!" होणारी सासू न्दुंगवा उठली. "आमची माणसं मचाकोसहून भाडं भरून आलीत गं. जायचं तर जा, पण पाच मिनिटांत केक होऊ दे." आणि काटुमो, सवयीचा गुलाम मेला, माइकवर ओरडला, "नवरी सुटायचे पाच हजार! कोण देतो?"

चेअरमननी हात वर केला!

"तो हात खाली घ्या," मुथेऊ म्हणाली. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "मी विकायला बसलेली नाही. मामी, माझी पिशवी द्या."

गाठ सुटेना, तर तिनं कापड टर्रकन फाडलं. नवरामुलगा क्यालो तोवर उठला होता. "गाडी दाराशी आणतो," एवढंच म्हणून तो आईसमोरून निघाला.

"गुरुजी, दार धरा!" मामा ओरडला. माझा हात कडीवरच होता.

"व्हा बाजूला, गुरुजी," ती म्हणाली.

मी झालो बाजूला. माझा पराक्रम एवढाच.

बाळ पायाळू होतं, मुलगी. डोकं अडकून राहिलं होतं. मुथेऊनं ते सोडवलं, छाती चोळली, तोंडानं श्वास दिला, कितीतरी वेळ दिला. मुलगी रडली नाही. मोंगेलीचं रक्त थांबायला आणखी तास गेला, पण ती वाचली. मीही त्यांच्या गाडीतून गेलो होतो, बाहेर ओट्यावर उभा होतो. मुथेऊ हात धुवायला आली तेव्हा मी विचारलं, "आधी आली असतीस तर?"

"तर आता आत रडणं ऐकू आलं असतं," ती म्हणाली. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं!

ऊन कलताना ती तशीच, झग्यावरच्या डागांसकट, हॉलमध्ये परतली. नवरीवाचून केक विकून झाला होता आणि लोक चपात्या आणि बकऱ्याचं मटण खात होते. काटुमोच्या हातून तिनं माइक घेतला. शंभर मागायची त्याची छाती झाली नाही.

"मोंगेलीची मुलगी गेली," ती म्हणाली. "आपण हसत होतो तेव्हा तिचा बाप त्या बाकावर बसला होता. माझं लग्न शनिवारीच होईल. चर्चमध्ये. मक्याची साधी मुथोकोई शिजवू, चहा करू. ज्याला यायचं त्यानं रिकाम्या हातानं यावं. आज जमलेलं सगळं ज्याचं त्याला परत जाईल."

मामा ताडकन उठला. "आणि माझ्या एकोणीस लग्नांचं काय? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत. मामा, त्या लेकराला उद्या मूठमाती द्यायचीय. त्यासाठी कमिटी बसवता? केक आणता?"

मामा खाली बसला. न्दुंगवानं ताट बाजूला ठेवलं, डोक्यावर पदरासारखा ओढून घेतलेला रुमाल डोळ्यांना लावला आणि मुलाकडे बघितलं. क्यालो म्हणाला, "आई, शनिवारीच." तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मुसेंबीच्या अंगणात आम्ही अकरा जण होतो. आदल्या दिवशी हॉलमध्ये दोनशेच्या वर होते. क्यालो खड्डा खणत होता. मुतिंदामामा उशिरा आला आणि त्यानं दुसरी कुदळ उचलली.

मी आता कुठल्याच कमिटीची पैशांची पेटी सांभाळत नाही. तरी कार्यक्रम असला की दारात जाऊन उभा राहतो. लोक चिडतात, म्हातारा खुळावलाय म्हणतात. म्हणू देत. धापा टाकत कुणी आलं, की त्याच्या हातातले पैसे मी खिशात परत घालायला लावतो आणि विचारतो, "काय झालं, बाबा?"

एवढंच तर विचारायचं होतं.