पहिली गाडी माहेराला गेली

आमच्या मालकांना घरातल्या माणसांचे वाढदिवस कधी आठवत नसत, पण मर्सिडीज कंपनीची वंशावळ मात्र तोंडपाठ होती. फलटणच्या आमच्या बंगल्यावर पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याला पोर्चमध्ये नेऊन उभा करायचे. गाडीच्या चांदणीवर बोट ठेवून विचारायचे, "ही तीन टोकं कशाची, वळखा." पाहुणा बिचारा ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणायचा. मग मालकांना चेव यायचा. "जमीन, पानी आनि आभाळ. तिनीकडं आपलं इंजान चालनार, आसं त्या डायमलरनं ठरवलं हुतं." आपलं म्हणजे जसा काही त्यांचा चार आणे हिस्सा होता.

गाडीला नाव कुणाचं, तर एका व्यापाऱ्याच्या लेकीचं. हा पुढचा अध्याय. आम्हाला मुलगी नाही. असती तर यांनी तिचं नाव गाडीला दिलं असतं की गाडीचं तिला, देव जाणे.

आणि शेवटी बेंझ आणि डायमलरची गोष्ट. दोघांनी साधारण एकाच सुमाराला गाड्या बनवल्या, दोघांची गावं काही फार लांब नव्हती, पण जन्मात एकदाही गाठ पडली नाही म्हणे. डायमलर गेल्यावर कितीतरी वर्षांनी दोघांच्या कंपन्या एक झाल्या आणि नावं जोडली गेली. पाहुण्यांना याचं नवल वाटायचं. मी ट्रे धरून उभी असायची, मला नवल वाटायचं नाही. लग्नपत्रिकेत आमचीही नावं शेजारीशेजारीच छापली होती.

माणूस वाईट नव्हता, हेही सांगते. हात उगारला नाही, कशाला कमी केलं नाही. फक्त त्यांचं बोलणं सगळं बाहेरच्यांसाठी असायचं, घरात शिल्लक काही राहायचं नाही. ते गेले त्याला दोन पंचम्या झाल्या. मुलगा वीरधवल आणि सून संयोगिता तिकडे जर्मनीत, स्टुटगार्टला. बंगल्यात मी आणि पोर्चमध्ये ती पांढरी गाडी. वीरधवल फोनवर म्हणतो, विकून टाक. मी म्हणते, बघू. खरं सांगायचं तर तिचं दार उघडलं की अजून मालकांच्या अत्तराचा वास येतो, आणि घरात दुसऱ्या कुणाचाच वास नाही. मला फार एकटं वाटतं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगायचं झालं तर समोर कुणीतरी लागतं.

या गाडीत माझी जागा ठरलेली होती, मागं डावीकडं. मालक चालवायचे आणि शेजारी त्यांचे कारखान्यावरचे कुणी मित्र. मित्र नसला तरी मी मागंच. मला गाडी येत नव्हती असं नाही. लग्नाआधी माझ्या धाकट्या भावानं, तानाजीनं, मला बेदाण्याच्या शेडमागच्या माळावर जीप शिकवली होती. पुढं वीरधवलला शाळेत मीच ओम्नीतून सोडायची. पण ही गाडी आली तेव्हा मालक म्हणाले, "ही तुला झेपायची न्हाई." नंतर कळलं की हिला क्लचच नाही, गिअर आपले आपण पडतात. डाव्या पायाला कामच नसलेली गाडी मला झेपायची नाही म्हणे.

मालक गेल्यावर ड्रायव्हर धनाजी दर रविवारी येऊन गाडी चालू करून जायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. मग त्याला खंडाळ्याला कंपनीत काम लागलं. जाताना मला सगळं दाखवून गेला. "काकी, ब्रेक दाबायचा, बटन दाबायचं आनि ह्यो दांडा खाली. पर ध्यान ठिवा, आपल्याकडं इंडिकेटर आसतुय त्या बाजूला हिचा गिअर हाय. वळताना चुकून त्योच हालवशिला."

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी किल्ली घेऊन गेले, दार उघडलं आणि सवयीनं मागं डावीकडं जाऊन बसले. बसले ती बसलेच. पुढं कुणी येऊन बसायचं नाही, हे लक्षात यायला थोडा वेळ गेला. मग उतरून पुढं गेले. तेव्हापासून दर रविवारी मी फाटकापर्यंत जाते आणि परत येते. बाजूच्या वहिनी म्हणतात, रविवारी बरं फिरायला जाता तुम्ही.

संयोगिता सांगलीची पोर. मुलाला वेळ नसतो, पण ती मला व्हिडिओ कॉल करते. या श्रावणात एके दिवशी म्हणाली, "आई, इथल्या मर्सिडीजच्या म्युझियममध्ये गेले होते. बाबांची आठवण आली. पण त्यांनी तुम्हाला बेर्थाची गोष्ट सांगितली होती का?"

मी म्हटलं, कोण बेर्था?

"बेंझची बायको. त्यानं गाडी बनवली खरी, पण ती काही खपेना. लोकांना भरवसाच नव्हता. तो आपला दुरुस्त्या करत बसलेला. मग एक दिवस हिनं पहाटे दोन मुलांना उठवलं, नवरा झोपेत असतानाच गाडी बाहेर काढली आणि शंभरावर किलोमीटर चालवत गेली. जगात तोवर कुणीच गाडी इतकी लांब नेली नव्हती. वाटेत तेल संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं साफ केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. तेव्हा कुठं लोकांना पटलं की ही वस्तू चालते."

"आणि गेली कुठं?"

"तीच तर गंमत आहे, आई. माहेरी. आईकडं."

माझ्या तोंडून गेलं, "मग मुराळी कोण होता?"

संयोगिता इतकी हसली की फोन हलला. "तिथं कुठला मुराळी, आई. नवऱ्यालासुद्धा विचारलं नव्हतं. पोचल्यावर तार केली त्याला." मग तिचं हसू ओसरलं. "मला पण कधी कधी वाटतं, गाडी काढावी आणि सांगलीला जावं. पण मध्ये समुद्र आहे."

एवढी वर्षं पोर्चमध्ये कीर्तन चाललं, त्यात जमीन, पाणी, आभाळ सगळं आलं आणि ही बाई तेवढी वगळली. मला मालकांचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग आला की तो ठेवायला जागा नसते, तो घरभर फिरत राहतो.

आता मुराळ्याचं सांगते. आमच्यात लग्न झालेली बाई आपल्या पायांनी माहेरी जात नाही. नागपंचमीला, दिवाळीला माहेराहून कुणीतरी न्यायला येतो, तो मुराळी. आणि परत न्यायला सासरचा माणूस येतो. या दोघांच्या मधे बाईचं माहेर, चार दिवसांचं. हल्लीच्या पोरी स्कूटीवरून जातात, त्यांचं बरोबरच आहे. पण माझा मुराळी तानाजी होता. दर पंचमीला मिरजेपलीकडून यायचा, दारातून हाक मारायचा, "आक्का, चल." चौथ्या दिवशी मालकांचा हॉर्न वाजायचा. मालक गेले त्याच्या आधीच्या दिवाळीत तानाजी अचानक वारला. त्याचा मुलगा शिवतेज फौजेत आहे, तिकडं अरुणाचलला. मालक गेले तेव्हा तो येऊन दुखवट्याची साडी देऊन गेला, पण सुट्टी संपली होती. त्यानंतर मला न्यायला कुणी आलं नाही, आणि मी गेले नाही. लोक याला ताठा म्हणतील. असेल. पण कुणी न्यायला येणं म्हणजे आपण कुणाला तरी हव्या आहोत, एवढंच असतं ते. न बोलावता गेले आणि दारात कुणी "आता कशी काय आलीस?" म्हटलं, तर मी त्या पायरीवरच संपले असते.

पंचमीच्या आदल्या दुपारी शिवतेजच्या बायकोचा, रेश्माचा फोन आला.

"आत्या, आज्जी काल सकाळधरनं कट्ट्यावर बसल्यात. तान्या विजीला आनायला गेलाय, ती आल्याबिगर घास घ्यायची न्हाई म्हनत्यात. काल निस्ता च्या घेतला. आज त्यो बी न्हाई."

विजी म्हणजे मी, आणि आज्जी म्हणजे माझी आई राहीबाई, नव्वदीला आलेली. गोष्टी विसरते. फोनवर मला दरवेळी म्हणायची, "तान्याला धाडते हां पंचमीला." मी "हो" म्हणायची.

"तिला सांगितलं नाहीस का, तानाजी गेला म्हणून?"

"सांगितलं, आत्या. लय रडल्या, जनू आत्ताच कळलं. दुसऱ्या दिशी परत इसरल्या. किती डाव रडवू मी त्यास्नी?"

मी मूर्खासारखं विचारलं, "मग मला न्यायला कोण येणार?"

पलीकडं रेश्मा हळूच म्हणाली, "आवं आत्या, आता कोन हाय यायला?"

तिचंही खरंच होतं. इकडं मी मुराळ्याची वाट बघत बसलेय आणि तिकडं माझी आई त्याच मुराळ्याची वाट बघत उपाशी. ज्याची दोघी वाट बघतोय, तो यायचा नव्हता.

सकाळी उजाडता उजाडता मी गाडी काढली. बंगल्याला कुलूप लावलं आणि सवयीनं पायरीवर थांबून आत म्हणाले, "येते." बेर्थाबाईचा मला तिथंच पहिल्यांदा हेवा वाटला. नवऱ्याला न विचारता जाण्यात मजा असेल, पण त्यासाठी आधी घरात विचारायचं माणूस लागतं.

फाटकाशी आले. दर रविवारी इथूनच मागं वळायची. पाय ब्रेकवर तसाच धरून ठेवला, मग सोडला.

दहिवडीच्या चौकात धनाजीनं सांगितलं होतं तेच झालं. वळायला इंडिकेटर द्यायला गेले आणि गिअरचा दांडा हलवला. गाडी मधोमध नुसती गुरगुरत उभी. मागून टेम्पोवाला म्हणाला, "मावशे, मर्सडी हाय, जरा पळीव की." मी अंबाड्यातला आकडा चाचपला. त्या बाईनं पिनेनं गाडी चालू केली होती, पण हिच्यात आकडा घालावा अशी जागाच नाही. दांडा खाली केला आणि निघाले. पुढं ऊस संपला, माळ लागला, मायणी गेली, विटा गेलं.

विट्याच्या पुढं रस्ता सरळ आहे. तिथं पहिल्यांदा वरच्या आरशात नीट पाहिलं, तर त्यात मागची डावीकडची सीट दिसत होती. पुरी सीट, उशीसकट. म्हणजे मालकांना चालवताना मान न वळवता मी दिसत असणार. इतकी वर्षं मी खिडकीबाहेर बघत बसले, एकदाही आरशात पाहिलं नाही. ते बघत होते का, हे आता कुणाला विचारू. तासगावपर्यंत मला रस्ता नीट दिसत नव्हता, म्हणून हळू चालवली.

आईला काय सांगायचं, ते मी वाटेत ठरवलं होतं. तानाजीनंच आणलं, सोडून तसाच रानात गेला. एवढं म्हटलं की ती जेवणार. खोटं बोलून घास पोटात जात असेल, तर बोलावं.

मिरज ओलांडून आरगेच्या वाटेला लागले. गावात गाडी शिरली तेव्हा ऊन वर आलं होतं. आई कट्ट्यावरच होती, भिंतीला टेकून, डोक्यावर पदर. इतकी लहान झाली होती की आधी मला कट्टा रिकामाच वाटला. गाडी थांबली तशी ती उठली, रेश्मानं धरलं तिला. काठी टेकत माझ्याकडं नाही, गाडीकडं आली. बॉनेटवर हात ठेवला.

"तापलीया," म्हणाली. "लय लांबनं आली जनू."

"व्हय आई. फलटणहून."

तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग वाकून गाडीत पाहिलं, पुढच्या सीटवर, मागच्या सीटवर. "तान्या कुटाय?"

रेश्मानं माझ्याकडं पाहिलं. ठरवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. पण आईचा हात माझ्या गालावर होता, आणि त्या हाताखाली मला ते बोलता येईना.

"तान्या न्हाई आला, आई. माझी मीच आले."

"एकलीच?"

"एकलीच."

मला वाटलं, आता रडणार. पण ती कसला तरी हिशोब लावत होती. जुना हिशोब, बायकांचा. "आनि न्यायला कवा येनार जावईबापू?"

"ते न्हाईत येणार."

"मग कोन येनार?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. दोन वर्षं मला माहेरी आणायला कोण येणार एवढंच मी धरून बसले होते.

"कोणीच न्हाई, आई," मी म्हटलं. "मला न्यायला आता कोणीच येणार न्हाई."

आईनं माझ्या हातातली किल्ली काढून घेतली आणि आपल्या कमरेच्या पिशवीत टाकली.

"मग ऱ्हा की," ती म्हणाली, आणि रेश्माला म्हणाली, "दोन ताटं वाढ गं."