फोन ठेव, यंत्र बिघडंल

खोडदला ताऱ्यांच्या रेडिओलहरी ऐकणाऱ्या अँटेना हायत, तिथं मी आठ वर्षं वॉचमन. वावरातल्या मोटरच्या स्टार्टरला ठिणगी उडाली, तरी त्या अँटेनांत खरखर येती. मग मी जाऊन भांडायचो. लोक म्हणायची, "भिमाजी आला, बंद करा रं!" मोबाइलवाला पावणा तर फाटकातच अडवायचो. नियम म्हंजे नियम.

माझी एकुलती लेक अक्षदा ह्याच अँटेना बघत शिकली आणि २००२ च्या दिवाळीनंतर तीन महिन्यांसाठी थेट दक्षिण ध्रुवावर गेली. पेठचं चांगलं स्थळ नाकारून! मी लई तडकलो. "जा, मर तिकडं गोठून," म्हणालो. आई नसलेल्या पोरीला असं बोललो. जीभ झडायला पायजे व्हती माझी.

तिचं काम ऐकाल तर डोकं गरगरंल. जगात न दिसणारं काहीतरी भरलंय म्हणे. ते पृथ्वीच्या पोटात साठत असंल, तर आपसात आदळून नष्ट व्हतं आणि त्यातनं न्यूट्रिनो नावाचे कण निघतात. ते दगडातनं आरपार येतात. बर्फात एखादा अडला की बारीक उजेड पडतो, यंत्र लावून त्याची ही वाट बघती. तसला एक बी अजून गावला नव्हता.

दर रविवारी तिचा फोन यायचा. आठवडाभर मी त्याचीच वाट बघायचो. पण "आबा" म्हणाली की वाटायचं, माझ्यापायी हिचं यंत्र बिघडलं तर? "बरा हाय. ठेव," म्हणायचो आणि ठेवायचो. मग तासभर फोनपाशीच बसायचो.

फेब्रुवारीत ती म्हणाली, "आबा, अजून राग गेला नाही?"

"कसला राग? तुझं यंत्र बिघडंल म्हणून ठेवतो, बये!"

ती हसली, मग रडाय लागली.

"आबा, ते दीड किलोमीटर बर्फाखाली आहे. उजेड टिपतं. फोनचं त्याला काय!"

"आगं मग ये की घरी! तीन महिने झाले."

"काल शेवटचं विमान गेलं. मला वाटलं, घरात कुणाला मी नकोय. मी विमानातली माझी जागा दुसऱ्याला दिली."

"दुसरं कधी?"

"इथला हिवाळा संपला की, ऑक्टोबरात."

मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"ठेवू नका ना, आबा," ती म्हणाली.

लेकीला हे मला सांगावं लागलं, राव.